कार्डाची किंमत आणि छंदाचे मोल

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात भरविलेल्या छंद-प्रदर्शनाच्या समारोपप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



आठवडाभर चाललेल्या आपल्या छंद-प्रदर्शनाचा आज समारोप होत आहे. अशा वेळी आभार मानावेत, बक्षिसे जाहीर करावीत आणि सर्वांनी चहाकडे वळावे, असा रिवाज आहे. आभार मी मानणारच आहे. परंतु त्याआधी या आठवड्यात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी मला आपल्याशी बोलावयाचे आहे. त्या चुकीचा उगम एका दूरच्या देशातील, आपल्यापैकी बहुतेकांनी कधी न पाहिलेल्या खेळात आहे. म्हणून थोडा वेळ मी आपल्याला अमेरिकेत घेऊन जाणार आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आज तिकडेच राहतात, तेव्हा प्रवास अगदीच अनोळखी वाटू नये.

घडले ते असे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलांनी जमविलेली दोनशेएक बेसबॉल कार्डे प्रदर्शनात मांडावयास आणली. पहिल्या दिवशी मुले त्या टेबलाभोवती जमली आणि त्यांनी मुलांसारखेच प्रश्न विचारले. हा खेळाडू तोंडावर जाळी का लावतो? हातमोजा एवढा मोठा कशासाठी? मागच्या बाजूला हे आकडे कसले? दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांना सांगितले की, लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला नाताळच्या दिवशी उघडलेल्या पाकिटात असेच एक कार्ड सापडले आणि ते 11 लाख 10 हजार डॉलरना, म्हणजे नऊ कोटी रुपयांहून अधिक किमतीला विकले गेले. बातमी खरी होती. त्या क्षणापासून त्या टेबलापाशी एकच प्रश्न उरला : "यातल्या कोणत्या कार्डाला जास्त पैसे मिळतील?"

त्याच दुपारी सातवीतला एक मुलगा आपली वही घेऊन माझ्याकडे आला. तिच्यात त्याच्या आजोबांनी आणि नंतर त्याने काडेपेट्यांवरची चित्रे चिकटविली आहेत. त्याने विचारले, "बाई, माझ्या या वहीचे किती येतील?" मी घाईत होते. पाहुणे यायचे होते. मी हसून म्हटले, "अरे, काडेपेटीच्या कागदाचे कोण पैसे देणार?" तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या टेबलावरची जागा रिकामी होती. वही तो घरी घेऊन गेला होता.

त्याला बोलावून घ्यावे असे मला दोन-तीनदा वाटले. पण बोलावून काय सांगावे, ते सुचेना. त्याने विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता, तो आम्ही मोठ्यांनीच त्याच्या हाती दिला होता. मग मी आपल्या त्या माजी विद्यार्थ्याला घेऊन बसले, त्याच्याकडून या कार्डांची सारी हकीकत समजावून घेतली, काही वाचले, आणि स्वतःला विचारले : एका कार्डाला कोट्यवधींची किंमत आली, तर त्याने कार्डे जमविण्याच्या छंदाचे भले होते की बुरे?

आधी कार्ड म्हणजे काय, ते सांगते. तळहाताहून लहान, जाड कागदाचा तुकडा. एका बाजूला खेळाडूचे चित्र, दुसऱ्या बाजूला बहुधा त्याची माहिती आणि वर्षावर्षाची कामगिरी. गेल्या शतकाच्या प्रारंभी तंबाखूच्या कंपन्या सिगारेटच्या पाकिटात अशी चित्रे घालीत. पुढे च्युइंगम विकणाऱ्यांनी ती युक्ती उचलली. टॉप्स नावाच्या च्युइंगम कंपनीने 1952 मध्ये 407 कार्डांचा मोठा संच काढला आणि आजच्या कार्डाचा घाट त्या संचाने पक्का केला. पाच सेंटला पाकीट मिळे, त्यात काही कार्डे आणि एक गमची वडी असे. आपल्यापैकी जे आता चाळिशीत आहेत, त्यांना बबलगमसोबत मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रे आठवत असतील. मधल्या सुट्टीत पिंपळाच्या पारावर चाललेली त्यांची देवघेव मी स्वतः पाहिली आहे आणि दोन-चारदा ती जप्तही केली आहे. अमेरिकेतही मुले हेच करीत. कार्डे सायकलच्या चाकात अडकवून फटफट आवाज काढीत, भिंतीवर फेकून जिंकत आणि हरत. पालक घर आवरताना ती सरळ केरात टाकीत.

यात 'रुकी कार्ड' म्हणजे व्यावसायिक स्पर्धेत नुकतेच पाऊल टाकलेल्या नवख्या खेळाडूचे पहिले कार्ड. संग्राहकांमध्ये त्याचा मान वेगळा. ज्या खेळाडूने पुढे नाव काढले, त्याचे पहिले रूप त्यात जपलेले असते. आपण एखाद्या थोर गायकाची पहिली ध्वनिमुद्रिका किंवा आवडत्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकाची पहिली आवृत्ती शोधतो, तसेच हे आहे. यात मला काही गैर दिसत नाही.

आता किमती पाहा. माइक ट्राउट या खेळाडूचे 2009 सालचे, एकच प्रत असलेले आणि त्याची सही असलेले कार्ड ऑगस्ट 2020 मध्ये 39 लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. विकणाऱ्याने ते दोनच वर्षांपूर्वी सुमारे 4 लाख डॉलरना घेतले होते. ऑगस्ट 2022 मध्ये मिकी मँटलचे 1952 च्या टॉप्स संचातले एक कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरना विकले गेले. ते त्याचे रुकी कार्ड नव्हे, ते आदल्या वर्षी बोमन या कंपनीने काढले होते. पण किमतीच्या शर्यतीत हे पुढे गेले. आणि ज्या कार्डाने आपल्या प्रदर्शनात खळबळ उडविली, ते पिट्सबर्ग पायरेट्स संघाच्या पॉल स्कीन्सचे. त्याने 2024 मध्ये पहिला सामना खेळताना जर्सीवर लावलेला खास कापडी बिल्ला काढून त्या एकाच कार्डात बसविला होता, शेजारी त्याची सही होती. संघाने त्या मुलाला कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटे देऊ केली होती. कुटुंबाने ती नाकारून कार्ड लिलावात दिले आणि मार्च 2025 मध्ये ते विकले गेले. त्या आईवडिलांच्या जागी मी असते, तर मीही बहुधा तेच केले असते. पगारावर घर चालविलेल्या माणसाने पैशाला नावे ठेवू नयेत.

म्हणून प्रथम किमतीची बाजू प्रामाणिकपणे मांडते.

पहिली गोष्ट अशी की, किमतीने वस्तू वाचतात. 1952 च्या त्या संचातली न विकलेली कार्डे टॉप्सच्या गोदामात कित्येक वर्षे पडून होती. ती फुकटसुद्धा कोणाला नको होती. शेवटी 1960 मध्ये कंपनीने पेट्याच्या पेट्या कचरा वाहणाऱ्या पडावावर लादून न्यू जर्सीजवळच्या समुद्रात बुडविल्या. मँटलची कार्डेही त्यांत होती. ज्याला किंमत नाही, त्याचे काय होते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही. पुढे जुन्या कार्डांना भाव आला, तेव्हा माळ्यावरच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि कागदाचे ते तुकडे जपले जाऊ लागले. आपल्याकडे किती जुन्या पोथ्या, नाटकांच्या जाहिराती आणि संस्थांची दप्तरे रद्दीच्या भावाने गेली, ते आठवले की किमतीचे हे उपकार नाकारता येत नाहीत. आपल्याच शाळेच्या पहिल्या दहा वर्षांच्या वार्षिक अंकांपैकी चार अंक आपल्याकडे नाहीत. त्यांना कोणी पाच रुपये देऊ केले असते, तर कदाचित ते आज असते.

दुसरी गोष्ट, किमतीच्या बातमीने नवी माणसे येतात. 2020 च्या टाळेबंदीत अमेरिकेतल्या कित्येक प्रौढांनी लहानपणची कार्डे पुन्हा बाहेर काढली. त्यांतले काही भाव पाहण्यासाठी आले असतील आणि आठवणींत रमून राहिले असतील. कोण कोणत्या दाराने आत येतो, याला फार महत्त्व नसते. शाळेत खिचडीसाठी येणारा मुलगाही शिकून जातो. आणि तिसरी गोष्ट, छंदाला दुकाने लागतात, जाणकार लागतात, मेळावे लागतात. त्यांची चूल पेटण्यासाठी बाजार लागतोच.

आता दुसरी बाजू.

1980 च्या दशकात जुन्या कार्डांचे भाव चढू लागले, तसे लोकांना वाटले की नव्या रुकी कार्डांतही पुढची तरतूद आहे. लोक पेट्या भरभरून घेऊ लागले आणि कंपन्या छापू लागल्या. 1989 मध्ये अप्पर डेक या नव्या कंपनीने आपल्या पहिल्या संचातले पहिलेच कार्ड एकोणीस वर्षांच्या केन ग्रिफी ज्युनियर या नवख्या खेळाडूला दिले. ते त्या पिढीचे सर्वांत आवडते कार्ड ठरले. ग्रिफी खरोखरच थोर खेळाडू झाला. लोकांचा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला. तरीही ते कार्ड आज साध्या स्थितीत सामान्य संग्राहकाच्याही आवाक्यात आहे, कारण ते सर्वांनीच जपून ठेवले. 1952 चे कार्ड दुर्मीळ झाले, कारण मुले त्याच्याशी खेळली. 1989 चे दुर्मीळ झाले नाही, कारण कोणी खेळलेच नाही. पुढे 1994 मध्ये खेळाडूंचा संप झाला, त्या वर्षीची अंतिम मालिकाच रद्द झाली, आणि आधीच फुगलेला कार्डांचा बाजार खाली बसला. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून ठेवलेल्या कितीतरी पेट्यांना आज रद्दीहून फार मोल नाही. त्या काळातल्या कार्डांना संग्राहकांनी पुढे 'कचऱ्याचा काळ' अशा अर्थाचे नावच दिले.

किमतीचा दुसरा परिणाम माणसांच्या वागण्यावर होतो. होनस वॅगनर या जुन्या खेळाडूचे 1909 ते 1911 या काळातले तंबाखूच्या पाकिटातले कार्ड हे या छंदातले सर्वांत प्रसिद्ध रत्न. ते लवकरच छापणे थांबले, म्हणून थोड्याच प्रती उरल्या. आपल्या चित्रामुळे मुले तंबाखूकडे वळू नयेत म्हणून त्याने हरकत घेतली, असे काही जण सांगतात. मोबदला मिळाला नाही म्हणून, असे काही जण. त्यातली एक अतिशय स्वच्छ, काटकोनी कडांची प्रत हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने 1991 मध्ये 4 लाख 51 हजार डॉलरना घेतली. कार्डांच्या स्थितीला 1 ते 10 गुण देणारी पीएसए ही कंपनी तेव्हा नवी होती. तिने गुण दिलेले पहिले कार्ड हेच, आणि त्याला 8 गुण मिळाले. पुढे 2013 मध्ये एका लिलावदाराने न्यायालयात कबूल केले की, त्या कार्डाच्या कडा आपणच पूर्वी कापून सरळ केल्या होत्या. शतकापूर्वीच्या कागदावर कात्री चालविण्याचे धाडस त्या कागदावरच्या प्रेमाने होत नाही.

मे 2021 मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीने आपल्या दुकानांतली अशा कार्डांची विक्री काही काळ थांबविली. कारण विस्कॉन्सिन राज्यातल्या एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली आणि एकाने पिस्तूल काढले. त्याच्या थोडेच आधी, मार्चमध्ये, पीएसएने नवी कार्डे तपासण्यासाठी घेणे जवळजवळ बंद केले होते, इतके ढीग तिच्याकडे साठले होते. पाकिटे दुकानात येताच मोठी माणसे उचलून नेत आणि चढ्या भावाने विकत. खाऊच्या पैशातून एक पाकीट घेऊ पाहणारे मूल रिकाम्या फळीसमोर उभे राही. ज्या छंदात मुलांना जागा नाही, त्याला वीस वर्षांनी संग्राहक कुठून मिळणार? स्वतःच्या बालपणाची ओढ असलेली माणसेच तर ही कार्डे पुढे घेतात.

तिसरा परिणाम सर्वांत सूक्ष्म आहे, आणि पालकहो, तो मला आपल्यासमोर मुद्दाम मांडावयाचा आहे. रुकी कार्डाची चढती किंमत ही झालेल्या कामगिरीची किंमत नसते. ती अजून न घडलेल्या आयुष्यावर लावलेली पैज असते.

अमेरिकेत दरवर्षी व्यावसायिक संघ क्रमाक्रमाने नवे खेळाडू निवडतात. 1991 मध्ये या निवडीत सर्वांत पहिला क्रमांक ब्रायन टेलर नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा लागला. न्यूयॉर्क यँकीजने त्याला करारापोटी 15 लाख 50 हजार डॉलर दिले. त्याची कार्डे लोकांनी पुढच्या लाभासाठी जपली. 1993 च्या डिसेंबरात एका भांडणात त्याच्या खांद्याला इजा झाली. तो वरच्या स्पर्धेत एकही सामना खेळू शकला नाही. आता दुसरा माणूस पाहा. माइक पियाझा. 1988 च्या निवडीत त्याचे नाव 62 व्या फेरीत आले, 1,390 व्या क्रमांकावर. ज्याच्या कार्डावर कोणी दमडीही लावली नसती, असा हा मुलगा. आणि ज्या ग्रिफीविषयी मी मघाशी बोलले, तो 1987 च्या निवडीत पहिला होता. 2016 मध्ये बेसबॉलमधला सर्वोच्च सन्मान असलेल्या हॉल ऑफ फेममध्ये दोघांचा प्रवेश एकाच समारंभात झाला. पहिला आणि एक हजार तीनशे नव्वदावा, दोघे एका व्यासपीठावर.

तीस वर्षे वर्गात उभे राहिल्यानंतर मला यात नवल वाटत नाही. आमच्यापुढे दर जून महिन्यात जी मुले येऊन बसतात, ती सारी नवखीच असतात. त्यांच्या मागच्या बाजूला अजून काहीच छापलेले नसते. तरी आपण त्यांना गुण देऊन पारदर्शक डब्यात बंद करण्याची घाई करतो. हा दहापैकी नऊ, तो दहापैकी पाच. मी स्वतः हे केलेले आहे. आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्यांपैकी दोघांविषयी मी त्यांच्या पालकांना काय सांगितले होते, ते मला आठवते. त्यांनाही आठवत असेल, आणि ते मोठ्या मनाने आले आहेत.

आता मी ज्यांना या छंदाचे खरे पूर्वज मानते, त्यांच्याविषयी थोडे सांगते. जेफरसन बर्डिक हे सिरॅक्यूज या गावातल्या कारखान्यात विद्युत उपकरणे जोडण्याचे काम करीत. त्यांनी लग्न केले नाही. संधिवाताने बोटे वाकडी झाली होती. त्यांनी आयुष्यभर छापील कार्डे जमविली, बेसबॉलची आणि इतरही, आणि त्यांची एक सूची तयार केली. कोणता संच कोणाचा, कोणत्या वर्षाचा, हे ओळखण्यासाठी त्यांनी जे क्रमांक दिले, ते आजचे संग्राहकही वापरतात. कोट्यवधींना विकल्या जाणाऱ्या वॅगनर कार्डाच्या संचाला 'टी 206' म्हणतात, ते नाव बर्डिकच्या सूचीतले. त्या सूचीत वॅगनर कार्डाची किंमत होती 50 डॉलर. 2022 मध्ये त्याच कार्डाची एक प्रत 72 लाख 50 हजार डॉलरना गेली.

बर्डिकनी आपला संग्रह विकला नाही. 1947 पासून त्यांनी तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देण्यास सुरुवात केली : तीन लाखांहून अधिक छापील वस्तू, त्यांत तीस हजारांहून अधिक बेसबॉल कार्डे. पुढे ते स्वतः तेथे जाऊन बसत आणि दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड वहीच्या पानावर डकवीत. हे काम वर्षानुवर्षे चालले. 10 जानेवारी 1963 रोजी शेवटचे पान झाले. दुसऱ्या दिवशी ते रुग्णालयात दाखल झाले आणि मार्चमध्ये वारले.

इथे एक गंमत आहे. आजच्या गुणांकनाच्या कसोटीवर गोंद लागलेले कार्ड अगदी तळाच्या पायरीवर बसते. म्हणजे ज्या माणसाने हा छंद अभ्यासाच्या पातळीवर नेला, त्याचा संग्रह आजचा व्यापारी पाहील, तर कपाळावर हात मारून घेईल. पण त्या गोंद लागलेल्या पानांवरून लोकांनी शंभर वर्षांच्या अमेरिकेचा अभ्यास केला आहे : छपाई कशी बदलली, जाहिरात कशी बदलली, कोणत्या वर्णाच्या खेळाडूंना कार्डावर जागा मिळत होती आणि कोणाला नाही. 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत आधुनिक काळातल्या मोठ्या स्पर्धांत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. त्यामुळे त्या संघांच्या कार्डांतही ते नाहीत. त्या रिकाम्या जागाही वाचता येतात. मात्र त्यासाठी कार्डाकडे बघावे लागते.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मला असे सापडले. किंमत कार्डाला सांभाळते, व्यापाराला पोसते, कधी एखाद्या कुटुंबाला हात देते. छंदाला तिचा उपयोग तेवढ्याच मर्यादेपर्यंत होतो, जेवढ्या मर्यादेपर्यंत किमतीच्या ओढीने आलेला माणूस पुढे थांबून वस्तूकडे पाहतो. तो थांबला नाही, तर किंमत छंदाला काही देत नाही. उलट त्याची जागा घेते. स्कीन्सचे एक कार्ड सापडावे म्हणून जी असंख्य पाकिटे फाडली गेली असतील, त्यांतून निघालेली बाकीची कार्डे कुठे गेली, हा प्रश्न मला त्या नऊ कोटींहून मोठा वाटतो. त्यांतल्या कितीतरी कार्डांवर कोणीतरी एक नवखा मुलगा असेल, त्याच्याही आयुष्यातले ते पहिलेच कार्ड असेल. कोणी ते उलटून वाचले का? पाकीट उघडताना मुलाच्या मनात "कोण निघेल?" हा प्रश्न असेल, तर तो छंद आहे. "किती निघतील?" हा प्रश्न असेल, तर ती सोडत आहे. सोडतीचे तिकीट लागले नाही, की माणूस ते फेकून देतो.

आणि आता पुन्हा आपल्या सातवीतल्या मुलाकडे येते.

आज मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावले. वही त्याच्याजवळ नव्हती. मी म्हटले, "त्या दिवशी मी तुझी वही न पाहताच उत्तर दिले. तिच्यात काय आहे, ते मला सांगशील?" आधी तो गप्प होता. मग बोलू लागला. शिवकाशी, सातूर, कोविलपट्टी ही तमिळनाडूतली गावे कुठे आहेत, ते त्याने माझ्या टेबलावर बोटाने काढून दाखविले, कारण काडेपेट्या तिथे तयार होतात. 2021 च्या डिसेंबरात काडेपेटी एक रुपयाची दोन रुपयांची झाली, तेव्हा एकाच छापाच्या जुन्या आणि नव्या पेटीत काय फरक पडला, ते त्याने सांगितले. आजोबांच्या वेळची चित्रे वेगळ्या कागदावर आहेत आणि ती पाण्यात किती वेळ भिजविली की न फाटता सुटतात, तेही सांगितले. वही समोर नसताना त्याने मला वीस मिनिटे वही वाचून दाखविली. घंटा झाली, तरी आम्हाला दोघांना कळले नाही. या शाळेच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातून मी इतकी वर्षे जे शिकविले, त्यातले किती मुलांना असे पुस्तक मिटून सांगता येईल?

मी त्याला विचारले, "उद्या वही आणशील का?" तो म्हणाला, "प्रदर्शन तर आज संपते, बाई." त्याचे म्हणणे बरोबर होते. म्हणून मी येथे जाहीर करते की, सोमवारपासून माझ्या कार्यालयाबाहेरच्या टेबलावर एका संग्रहाचे प्रदर्शन राहील. तो आणील, अशी मला आशा आहे. न आणल्यास ते टेबल रिकामे राहील आणि येता-जाता मला माझी चूक दिसत राहील.

माजी विद्यार्थी मित्रहो, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांसाठी या हिंदी मुलखात आलेल्या मराठी माणसांनी साठ वर्षांपूर्वी ही शाळा सुरू केली, तेव्हा बाजारात तिची किंमत कोणी केली असती, असे मला वाटत नाही. आजही मराठी माध्यमाच्या दाखल्याचा भाव काय, असे मला प्रवेशाच्या दिवसांत विचारले जाते. मी आकडा सांगू शकत नाही. ज्यांनी आकडा न विचारता आपली नवखी मुले आमच्या हाती दिली, त्या पालकांच्या भरवशावर ही शाळा साठ वर्षे चालली आहे, एवढेच सांगू शकते.

या हीरकमहोत्सवात आपण शाळेसाठी काय करू, असे आपल्यापैकी अनेकांनी विचारले. देणग्यांसाठी कार्यालय उघडे आहे. तेवढ्या बाबतीत माझा पैशाला मुळीच विरोध नाही. पण माझी खरी मागणी निराळी आहे. महिन्यातल्या एका शनिवारी, ज्यांना शक्य आहे त्यांनी, छंद-वर्गात येऊन मुलांजवळ बसावे. त्यांच्या वह्या, पेट्या, दगड, पिसे, तिकिटे, कार्डे हाती घ्यावीत आणि एकच विचारावे, "हे काय आहे, सांग बरे." उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नये.

प्रदर्शनासाठी राबलेल्या सर्व शिक्षकांचे, सेवकवर्गाचे, टेबले देणाऱ्या मंडळाचे आणि न्यू जर्सीहून एवढी कार्डे सांभाळून आणणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्याचे मी मनापासून आभार मानते. जाताना त्याने ती कार्डे शाळेला भेट दिली आहेत. त्यांची किंमत किती, ते मी विचारले नाही. त्यांच्या मागच्या बाजू वाचावयास मात्र मी सुरुवात केली आहे.